दिवसा झोपणाऱ्यांच्या खोल्या

मला एसीचा कंटाळा आलाय. दोहात राहून असं बोललं की लोक वेड्यात काढतात, आणि काढायलाच हवं, कारण जुलैत इथे घरातला एसी बंद पडला तर माणूस अर्ध्या तासात खाली उतरून गाडीत एसी लावून बसतो. पण माझं पोटच एसीवर आहे. सव्वीस वर्षं झाली. आधी दुरुस्ती करायचो, पुढे गुडघे बोलायला लागले तसं पाहणीच्या कामावर घेतलं. जुन्या इमारतीत जायचं, खिडक्यांच्या फटींपुढे हात धरायचा, फिल्टर काढून बघायचे, कुठल्या रिकाम्या खोलीत कोण सोळावर लावून निघून गेलाय ते वहीत टिपायचं. मग आमची कंपनी त्या इमारतीच्या मालकाला वीज कशी वाचवायची ते सांगते. मालकाला बिल कमी हवं असतं, राहणाऱ्याला गारवा जास्त हवा असतो आणि दोघांचं ऐकून घ्यायला मधे मी.

घरी तर बोलायलाच नको. अल सद्दच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझी मुलगी एसी अठरावर ठेवते आणि वर जाड ब्लँकेट घेते. मी मराठीत ओरडतो, ती इंग्रजीत उत्तर देते. एकदा म्हणाली, अब्बा, प्लीज, घरी आल्यावर तरी सर्व्हे नको. मी रिमोट ठेवून दिला. बायको मात्र खरी काटकसरीची. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला कढत पाणी येतं, म्हणून ती मेपासूनच गीझर बंद करते आणि गीझरमध्ये साठून निवलेलं पाणी अंघोळीला वापरते. मला म्हणते, ह्याला कुठल्या साहेबाचा रिपोर्ट लागत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्हाला मेसईदचं, म्हणजे दोहाच्या दक्षिणेला कारखान्यांचं गाव आहे तिथलं, काम मिळालं. तिथल्या एका कारखान्याची कामगारांसाठीची वसाहत होती, दुमजली जुन्या इमारती, प्रत्येक खोलीला खिडकीतला एसी, भिंती तापलेल्या आणि दारांखालून दोन बोटं जातील एवढ्या फटी. भिंतींना नवं अस्तर लावायचं, दारं बदलायची, वगैरे मोठ्या गोष्टी नंतर होणार होत्या. आधी कमी खर्चात काय होईल ते बघा, असं आमच्या इंजिनियरनं सांगितलं. तो लखनौकडचा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, हुशार, पण त्याचा घाम कधी कोणी पाहिला नाही.

मी चार दिवस गेलो. सकाळी नऊ ते एक, कारण त्यानंतर उन्हात उभं राहण्याची माझी तयारी नव्हती. बरोबर कॅम्प बॉस. वसाहतीचा कारभार बघणाऱ्याला इथे असंच म्हणतात. दार तीनदा वाजवायचं, थांबायचं, कोणी नाही उघडलं की खिडकीतल्या एसीकडे बघायचं. पाणी टपकत असलं की वहीत लिहायचं: रिकामी, एसी चालू. पहिल्या दिवशीच एवढ्या रिकाम्या खोल्या आणि एवढे चालू एसी निघाले की मला राग आला. कॅम्प बॉस म्हणाला, सगळे ड्यूटीवर, चालू ठेवून जातात, कंपनीची वीज आहे ना. त्याच्या हातात यादी होती, त्या यादीत सगळेच दिवसपाळीचे होते. नाइटवाले दुसऱ्या ठेकेदाराचे, त्यांची यादी वेगळ्या ऑफिसात, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बऱ्याच खिडक्यांना आतून ॲल्युमिनियमची चंदेरी फॉइल चिकटवलेली होती. मी वहीत लिहिलं: उन्हापासून बचाव, चांगली सवय, बाकीच्यांनाही सांगावी. एवढंच नाही, फोटो काढून रिपोर्टात लावला. भर दिवसा खोलीत अंधार कशाला हवा असतो, हा प्रश्न त्या चार दिवसांत माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. पुन्हा वर स्वतःला जाणकार म्हणवून घ्यायचं.

आणि मला कळायला हवं होतं. इथे आलो तेव्हा पहिली चार वर्षं मी स्वतः असल्याच खोलीत काढली. खोलीत स्वयंपाकाला बंदी. आग लागते, ते खरंही आहे, पण मेसचं जेवण घशाखाली उतरत नाही हेही खरं आहे. म्हणून प्रत्येक खोलीत खाटेखाली एक हॉटप्लेट असायची. दिवसा दार वाजलं की ते तपासणीचंच असणार, कारण आपलं माणूस दार वाजवत नाही, हाक मारतं. दार वाजलं की आम्ही श्वास धरून बसायचो. एकदा कुकर चढवलेला होता, तर माझा खोलीतला सोबती त्याची शिट्टी चिमट्यानं वर धरून उभा राहिला, बाहेरची पावलं जाईपर्यंत. बोटं भाजली तरी हूं की चूं केलं नाही. हे सगळं मी जगलोय. आणि वीस-बावीस वर्षांनी त्याच दाराच्या दुसऱ्या बाजूला उभा राहून मी लिहितोय, रिकामी.

रिपोर्ट गेला. उपाय सोपा होता: प्रत्येक ब्लॉकच्या पॅनेलला टायमर. सकाळी आठला खोल्यांचे एसी बंद, दुपारी चारला चालू. जूनच्या पहिल्या आठवड्यात टायमर बसले. बिल उतरलं, मालक खूश, इंजिनियर खूश, माझ्या पाठीवर थाप. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू.

आता माझ्या मेहुण्याचं सांगतो. बायकोचा धाकटा भाऊ, बेचाळीस-त्रेचाळीसचा. अकरा वर्षं मेसईदला, एका ठेकेदाराकडून कारखान्यात क्रेन चालवायला. उंचावरच्या केबिनमध्ये बसून लोखंड उचलायचं, इकडून तिकडे न्यायचं. हात असा हलका की खालची माणसं म्हणायची, हा अंडंही उचलून ठेवेल. वर्षातले बरेच महिने नाइट. गुरुवारची नाइट संपवून शुक्रवारी सकाळच्या बसनं तो दोहाला यायचा, आमच्याबरोबर जुम्म्याच्या नमाजाला, मग जेवण, मग आमच्या सोफ्यावर झोप, संध्याकाळी परत. अकरा वर्षं हेच. तो आमच्याकडे यायचा. आम्ही त्याच्याकडे एकदाही गेलो नाही. कॅम्पवर बाईमाणसानं काय जायचं, असं म्हणून विषय तिथेच संपलेला. तो कुठल्या वसाहतीत, कुठल्या ब्लॉकमध्ये राहतो, हेही मला ठाऊक नव्हतं. मेसईद म्हणजे मेसईद.

जूनच्या शेवटी तो आला तेव्हा बायकोनं शेरी माशाचं तिखलं केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या होत्या. भाकरीचा तुकडा हातात, आणि हा बसल्या बसल्या झोपला. मान खाली, तुकडा ताटात. बायको घाबरली. तिला आधी साखरेचाच संशय, त्यांच्या घरात सगळ्यांना आहे. तिने त्याला हलवून जागं केलं.

"काय झाला रे तुला? तोंड बघ कसा उतरलाय."

तो हसला आणि काही नाही म्हणाला. पण बहिणीपुढे किती टिकणार. थोडं थोडं करत त्यानं सांगितलं. तीन आठवडे झोप नाही. परवा पहाटे, हुकाला माल लटकलेला असताना, त्याचा डोळा लागला. किती वेळ, त्यालाच माहीत नाही. खालच्या माणसाची शिट्टी ऐकून जाग आली तेव्हा माल त्या माणसाच्या डोक्यावर आला होता, तो बाजूला पळाला म्हणून वाचला. सुपरवायझरनं लेखी ताकीद दिली. पुन्हा असं झालं तर क्रेनवरून खाली, आणि क्रेन गेली तर ह्याच्याकडे दुसरं काय आहे? अकरा वर्षांत त्याने तेवढं एकच कमावलं होतं, वर बसायचा मान. बायकोनं विचारलं, पण झोप का नाही? तर म्हणाला, दिवसाचा एसी बंद होतो. आठला खलास. चारला चालू.

तो टायमर माझाच होता. मला तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. मी भाकरी मोडत राहिलो. बायको वसाहतवाल्यांना शिव्या घालत होती, कुठल्या मुडद्यानं काढला हा नियम, त्याला कोंडा तिथं म्हणावं, आणि मी मान हलवत होतो. मेहुणा झोपला तो मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजापर्यंत. मी एसी मुलीच्या अठरावर केला आणि सोफ्याशेजारी खुर्ची घेऊन बसलो. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

रविवारी इंजिनियरपुढे उभा राहिलो. म्हटलं, चूक झाली, खोल्या रिकाम्या नव्हत्या, माणसं आत झोपलेली होती. तो वाईट माणूस नाही. त्यानं ऐकून घेतलं. मग रिपोर्ट उघडला आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं, तिथे माझी सही. म्हणाला, वसाहतीनंही लिहून दिलंय की दिवसा कोणी नसतं. आता मालकाला काय सांगू, आमचा माणूस दार वाजवायला चुकला? नाइटवाल्यांची नावं आणा, सह्या आणा, जिथून सह्या येतील तिथले टायमर काढायला सांगतो. उंटावरून शेळ्या हाकणारा म्हणून मी त्याला मनात नावं ठेवली. नंतर लक्षात आलं, उंटावर मीही होतो की.

सोमवारी अकरा वाजता मेसईदला पोचलो. कॅम्प बॉसला टाळून एकटाच गेलो. मेहुण्याकडून खोलीचा नंबर घेतला होता. वहीत बघितलं. माझ्याच अक्षरात: रिकामी, एसी चालू. दार वाजवलं. कोणी उघडलं नाही. शेवटी हाक मारली, त्याच्या घरातल्या नावानं, आमच्या बोलीत. तेव्हा कडी निघाली.

आत हवाच नव्हती. चार खाटा, एकावर एक दोन. खिडकीला फॉइल, त्यामुळे मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात दोन माणसं ओले पंचे अंगावर टाकून पडलेली. एक न्हाणीघराच्या लादीवर आडवा. कोणी झोपलेलं नव्हतं, सगळे नुसते पडून होते. मी पाच मिनिटं उभा राहिलो असेन, शर्ट अंगाला चिकटला. मी आयुष्यभर खोल्यांचं तापमान मोजत आलो. त्या दिवशी यंत्र खिशातून काढायचं धाडस झालं नाही.

मेहुण्यानं मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. मी म्हटलं, हा टायमर माझ्या रिपोर्टामुळे बसला. तो म्हणाला, माहीत आहे. मी विचारलं, कधीपासून.

"मे महिन्यात तुम्ही दार वाजवलात तेव्हापासून. मी आवाज वळखला तुमचा, दुल्हाभाई. हॉटप्लेटवर डाळ होती, बाहेर कॅम्प बॉस. दार उघडला असता तर तुमच्यासमोर त्यानं मला शिव्या घातल्या असत्या. तुमची शरम झाली असती. फटीतनं बघत होतो मी. तुम्ही वहीत कायतरी लिवलात आणि गेलात. मला वाटला, बरा झाला. रिकामी लिवली. वाचलो."

 मी विचारलं, शुक्रवारी ताटावर बसून हे का नाही बोललास? त्यानं नुसतं बहिणीचं नाव घेतलं. तिला कळलं असतं तर तिनं मला घरात राहू दिलं नसतं, असं त्याचं म्हणणं. माझ्या अब्रूसाठी हा माणूस तीन आठवडे जागा राहिला होता. मला रडू आलं आणि त्या तिघा परक्या माणसांपुढे मी रडलो. न्हाणीघरातल्यानं उठून मला आपला ओला पंचा दिला.

सह्या गोळा करणं सोपं नव्हतं. कागदावर सही म्हणजे भानगड, हे इथला प्रत्येक माणूस आईच्या दुधाबरोबर प्यायल्यासारखा जाणतो. मेहुण्यानं पहिली सही केली. नुसतं नाव नाही, मी सांगितलं म्हणून त्याने खाली लिहिलं की गेले तीन आठवडे दिवसा झोप मिळत नाही. मला वाटलं, असं लिहिलं तर कागदाला वजन येईल. मग तो खोलीखोलीत पुढे गेला, हाका मारत, आणि दारं उघडत गेली. त्याच्या ब्लॉकमधल्या सगळ्या नाइटवाल्यांच्या सह्या झाल्या. मग आम्ही पलीकडच्या ब्लॉकमध्ये गेलो. तिथे त्याच्या ओळखीचं कोणी नव्हतं. चार-पाच दारं वाजवली, हाका मारल्या. आत माणसं होती हे आता मला पक्कं कळत होतं. कोणी उघडलं नाही. एक वाजत आला होता. माझं डोकं गरगरत होतं. मी म्हटलं, राहू दे, हे पुढच्या खेपेला बघू. तो अजून दोन दारं बघूया म्हणत होता. मी गाडीत जाऊन बसलो. मला कंटाळा आला होता, बस, एवढंच कारण.

इंजिनियर शब्दाला जागला. दोन आठवड्यांत त्या ब्लॉकचे टायमर निघाले. पण तोपर्यंत सह्यांचा कागद वसाहतीच्या ऑफिसातून कारखान्याच्या सेफ्टीवाल्यापर्यंत गेला होता. त्याने तो वाचला आणि त्याचं काम केलं. ज्या क्रेनवाल्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय की तीन आठवडे झोप नाही, आणि ज्याच्या नावावर आधीच ताकीद आहे, त्याला वर कोण बसू देईल? मेहुण्याला केबिनमधून खाली उतरवलं. पाळी नाइटचीच, पण आता जमिनीवर उभं राहून हुकाला साखळ्या अडकवायच्या. जे वाक्य मी त्याच्याकडून लिहून घेतलं, तेच त्याच्या गळ्यात आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, फक्त हात त्याचा आणि अक्कल माझी.

बायकोला मी सगळं सांगितलं. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ते एवढंच, की तो लहान असताना अंधाराला भ्यायचा आणि तिचा पदर धरून झोपायचा.

ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी तो आला. बाहेर दमट हवा, चष्मा धुक्यानं भरत होता. चेहरा मात्र तरतरीत. झोप होत होती. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. मला हायसं वाटलं आणि त्या भरात मी एकदाचं मन मोकळं केलं. म्हटलं, तुझी क्रेन माझ्यामुळे गेली. अकरा वर्षं तू वर बसलास आणि मी तुला खाली आणलं. मला माफ कर.

त्याने बोटं चाटली आणि पाणी प्यायला. रागावलेला नव्हता. खाली पण काम ते कामच, म्हणाला. मग ताट बाजूला सारलं.

"माफीचा राहू द्या, दुल्हाभाई. आता हुकाखाली मी उभा असतो. वर माझ्या जागेवर जो बसतो ना, तो पलीकडच्या ब्लॉकमध्ये राहतो. तिथं अजून आठला एसी बंद होतो."

बायकोच्या हातातली पळी तशीच राहिली.  दुपारचे दोन वाजले होते, म्हणजे तो वर बसणारा माणूस त्या क्षणी काळोख्या खोलीत ओला पंचा घेऊन पडलेला असणार, आणि शनिवारी नाइटला पुन्हा केबिनमध्ये चढणार. मी हात धुतला. शुक्रवार, ऑफिस बंद, इंजिनियर फोन उचलणार नाही, पण राहिलेल्या सह्या तर आजच घेता येतील. वही घेतली, गाडीची चावी घेतली. मेहुणा उठला, म्हणाला, मी येतो, आता तिथला तो क्रेनवाला मला ओळखतो, माझ्या हाकेनं उघडतील. दाराशी वळून बघितलं तर बायको भावाच्या मागे उभी होती, पायात चपला घालून, डोक्यावर ओढणी नीट करत.